बोटं थंड, रिपोर्ट गरम!

आम्हा बीडकरांची थंडी ती केवढी? पहाटे शेकोटी पेटली, कानाला मफलर बसला की झाला 'कडाका'. त्यामुळे गेल्या जानेवारीत लडाखच्या चादर ट्रेकला निघताना मी जेवढा एक्सायटेड होतो, तेवढाच बेफिकीर! गोठलेल्या झंस्कार नदीवर फोटोंसाठी सारखा हातमोजा काढत होतो. शेवटच्या दिवशी उजव्या हाताची दोन बोटं पांढरीफटक पडली. मेणासारखी, कडक. चिमटा काढला तरी पत्ता नाही.

तंबूत ऊब मिळाल्यावर बोटं सुजली, फोड आले. 'होईल बरं' म्हणत लेह, दिल्ली, पुणे करत चार दिवसांनी बीडला घरी पोचलो. हात बघून आई हादरलीच. मी मात्र पक्का आयटीवाला! काहीही झालं की आधी ब्लड टेस्ट. सकाळी रक्त दिलं, संध्याकाळी रिपोर्ट मोबाईलवर. 'सीके'च्या पुढे लाल बाण! नेटवर शोधलं तर अर्थ निघाला, 'पेशींची हानी'. झालं, बोटं गेली! रात्रभर डोळा नाही.

सकाळी डॉक्टरकाकांनी रिपोर्ट पाहिला, मग बोटं पाहिली आणि हसले. "अरे, हा आकडा बोटांचा नाही, तुझ्या पायांचा आहे!"

त्याचं असं आहे. सीके हे मुख्यतः स्नायूंमधलं एन्झाइम. स्नायू दुखावला की ते रक्तात उतरतं. पण बर्फावरची पायपीट, जिममधला जोर, साधं इंजेक्शन, कशानेही ते वाढतं. रक्ताच्या गाठींचा इशारा देणारा डी-डायमरही तसाच, वाढायला त्याला शंभर कारणं. बोटाचा किती भाग जगेल, हे खात्रीने सांगणारी रक्ततपासणी आजही नाही. ते कळतं फोडांवरून (पाण्याचे फोड बरे, रक्ताळलेले फोड म्हणजे इजा खोल), बोट किती वरपर्यंत काळवंडलंय त्यावरून आणि पहिल्या काही दिवसांत केलेल्या बोन स्कॅनवरून.

मग रक्त तपासायचं कशाला? सियाचीन आठवा. 3 फेब्रुवारी 2016ला सोनम चौकीवर हिमस्खलन झालं. दहा जवान गाडले गेले, त्यात आपल्या साताऱ्याचे सुनील सूर्यवंशीही होते. लान्सनायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले. दिल्लीच्या आर्मी हॉस्पिटलने सांगितलं, फ्रॉस्टबाईट नाही, हाडंही मोडलेली नाहीत. पण यकृत आणि मूत्रपिंडं बिघडली होती. 11 फेब्रुवारीला ते गेले. कातडी ठीक दिसत असताना आत काय चाललंय, ते रक्त सांगतं. पोटॅशियम, क्रिएटिनिन, सीके हे आकडे जीव वाचवण्यासाठी बघायचे, बोट वाचवण्यासाठी नाही.

बोट वाचतं ते घड्याळावर. गाठी विरघळवणारी औषधं बोट गरम केल्यापासून साधारण 24 तासांत द्यावी लागतात. इलोप्रॉस्ट हे रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध 72 तासांत. अमेरिकेने फेब्रुवारी 2024मध्ये गंभीर फ्रॉस्टबाईटसाठी मंजुरी दिलेलं ते पहिलंच औषध. आणि मी? चार दिवस प्रवासात घालवले, वर एक रात्र लाल बाणाकडे बघण्यात!

नशीब, माझे फोड पाण्याचे होते. बोटं शाबूत आहेत. फक्त की-बोर्डवर टाइप करताना एका बोटाचं टोक अजून बधिर लागतं.

हे लक्षात ठेवा

- बोट चोळू नका, बर्फ लावू नका, शेकोटीवर धरू नका. बधिर बोटाला भाजलेलंही कळत नाही.
- पुन्हा गोठण्याची भीती नसेल, तरच 37 ते 39 अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडवा.
- फोड फोडू नका. थेट हॉस्पिटल गाठा, रिपोर्टची वाट बघू नका.
- आणि हो, यासाठी लडाखलाच जायला हवं असं नाही. सिलिंडरमधून उडणारा द्रव गॅस, ड्राय आइस किंवा मुरगळलेल्या पायावर कापडाशिवाय तासभर धरलेला बर्फ, हे बीडच्या उन्हाळ्यातही कातडी गोठवू शकतात!