ताणलं तरी तुटू नये!

विजेच्या तारेवर प्लॅस्टिक असतं म्हणून आपल्याला शॉक लागत नाही. पण सगळीच प्लॅस्टिकं वीज अडवतात असं नाही बरं का! हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांनी १९७७ मध्ये पॉलिॲसिटिलीन नावाच्या प्लॅस्टिकच्या चंदेरी पापुद्र्यावर आयोडीनची प्रक्रिया केली. त्याची वीज वाहून नेण्याची ताकद लाखो पटींनी वाढली! २००० साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

या प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात. त्यांत एकेरी आणि दुहेरी बंध आलटूनपालटून येतात. वीज जाते ती याच वाटेने. पण याच बंधांमुळे साखळी ताठरही होते. म्हणजे गुण तोच, अन् अडचणही तीच!

असा पापुद्रा ताणला की विस्कटलेल्या केसांतून कंगवा फिरवावा, तशा मोकळ्या साखळ्या ओढीच्या दिशेने सरळ होतात. त्या दिशेने कधी कधी वीज आणखी चांगली वाहते. पण जिथे साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या असतात, तो भाग हलत नाही. मग सुकलेल्या कणकेला पडावी तशी भेग पडते आणि विजेची वाटच तुटते.

यावर उपाय? कणकेला तेलाचं मोहन घालतो ना, तसंच काहीसं. साखळीला लांब, मऊ फांद्या जोडायच्या किंवा तिला रबरासारख्या पदार्थात मिसळायचं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात झेनान बाओ यांच्या गटाने २०१७ मध्ये असंच मिश्रण केलं. त्याचा पापुद्रा दुप्पट लांब ताणला, तरी त्याचं काम जवळजवळ तसंच चालू राहिलं.

एवढा खटाटोप कशाला? आमच्या तपासणी शिबिरात ईसीजीच्या वायरींचं जंजाळ बघूनच कितीतरी आजीबाई घाबरतात. 'मला काही झालं नाही,' म्हणत उठून जातात. उद्या कातडीसारखीच ताणणारी नाजूक पट्टी छातीवर चिकटवली आणि तिनेच हृदयाचे ठोके टिपले तर? हात हलवा, वाका, दळण उचला, ती सुटायची नाही की तुटायची नाही.

अर्थात, असं प्लॅस्टिक अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे. तेव्हा 'जादूची पट्टी' म्हणून कुणी दारात विकायला आलं तर भुलू नका. आणि तोवर घरच्या आजींना समजावून, हाताला धरून ईसीजीला न्या. वायरींना घाबरून तपासणी टाळणं परवडणारं नाही!