किल्ल्यावरची चित्रं

नवरात्र सरत आलं की पुण्यात कसबा पेठेतल्या कुंभार वेशीच्या आसपास पणत्यांचे ढीग लागतात, बोळक्यांच्या चळती उभ्या राहतात आणि त्यांच्याच शेजारी फळ्यांवर एक सैन्य गोळा होऊ लागतं. भाला घेतलेला मावळा, ढाल-तलवारवाला मावळा, तोफेशी वाकलेला गोलंदाज, तुतारी फुंकणारा, भालदार, चोपदार, घोडेस्वार आणि या सगळ्यांच्या मध्यभागी सिंहासनावर बसलेले महाराज. कोल्हापुरात हेच दृश्य पापाची तिकटी, गंगावेस, शाहूपुरी भागातल्या कुंभार गल्ल्यांत दिसतं. बेळगावात तर दिवाळीचा किल्ला हा गल्लीगल्लीतल्या तरुणांच्या इभ्रतीचा विषय आहे. या मातीच्या मूर्तींना आपल्याकडे साधं ‘चित्रं’ म्हणतात. किल्ला घरी बांधायचा आणि चित्रं बाजारातून आणायची, ही पद्धत महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडली आहे.

जगात इतरत्रही रंगवलेल्या छोट्या मूर्ती जमवून त्यांच्याभोवती कल्पनेचं राज्य उभं करण्याचा छंद आहे आणि त्याचा मोठा गाजावाजा होतो. आपली चित्रं मात्र तुळशीच्या लग्नानंतर माळ्यावर जातात. त्यांच्याविषयी कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून हा परिचय.

चित्र तयार होतं ते साच्यातून. साध्या मावळ्याची पाठ बहुधा सपाट ठेवतात. माती साच्यात दाबायची, कडा सारख्या करायच्या, थोडी आवळली की अलगद सोडवायची. घोडेस्वार, हत्ती किंवा सिंहासनाधिष्ठित महाराज यांच्यासाठी पुढचा आणि मागचा असा दोन भागांचा साचा लागतो. दोन्ही भाग जोडून सांध्यावर ओलं बोट फिरवावं लागतं. मग सावलीत वाळवण. उन्हात घाई केली तर बारीक भेगा पडतात. वाळलेल्या चित्रावर आधी पांढरा हात देतात, कारण उघड्या मातीवर रंग खुलत नाही. त्यानंतर अंगाचा रंग, मग अंगरखा, शेला, पागोटं आणि अगदी शेवटी मिशा, भुवया, डोळे. रंग एकेका चित्राला नाही, ओळीने देतात: पन्नास मावळ्यांचे अंगरखे आधी, मग त्या पन्नासांची पागोटी. त्यामुळे एका हाताखालून गेलेल्या सगळ्या मावळ्यांची नजर सारखी असते. चित्रं हाताळायची सवय असलेल्या माणसाला भुवईच्या वळणावरून दोन कारागिरांचं काम वेगळं ओळखता येतं.

दोन भागांच्या साच्याची ही रीत आपल्या मातीत फार जुनी आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या गावी रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातल्या लहान मृण्मूर्ती ठेवल्या आहेत. त्यांतल्या कित्येक दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. त्याहून मागे जायचं तर प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 साली काश्याच्या चार वस्तू सापडल्या: बैलांचा रथ आणि त्यावर उभा सारथी, गेंडा, रेडा आणि हत्ती. त्या खेळण्यासाठी होत्या की पूजेसाठी, यावर अभ्यासकांनी बराच खल केला आहे. एवढं नक्की की चाकांवर चालणारी माणसाची आणि जनावराची छोटी आकृती घडवावी, ही ओढ महाराष्ट्राला साडेतीन-चार हजार वर्षांपासून आहे.

चित्र हातात घेतल्यावर त्याचं मोल कळत नाही, ते किल्ल्यावर ठेवल्यावर कळतं. सहामाही परीक्षा संपते, अंगणाच्या किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात विटा-दगड रचले जातात, त्यांवर मातीत बुडवलेली पोती पांघरली जातात. बुरूज उठतात, पायऱ्या कोरल्या जातात, अळीव किंवा मोहरी पेरली जाते. वसुबारसेपर्यंत तटबंदीवर हिरवं कोवळं गवत दिसू लागतं. आणि मग खरं काम सुरू होतं. दरवाजावर कोण? तोफ कुठल्या बुरुजावर? चोरवाटेच्या तोंडाशी पहारा ठेवला तर चोरवाट उघडी पडते, नाही ठेवला तर शत्रू आत येतो. तळ्याकाठी पाणी भरणारी बाई ठेवायची तर तिला वर जायला पायवाट हवी. आठ-दहा वर्षांची मुलं या प्रश्नांवर तासन्‌तास भांडतात, आणि या भांडणात ती दुर्गशास्त्राचे पहिले धडे गिरवत असतात.

आकाराच्या बाबतीत आपल्या किल्ल्याची स्वतःची रीत आहे. महाराज सगळ्यांत मोठे, बहुतेक वेळा दरवाजाहूनही उंच. मावळे बोटाएवढे. गुहेतला वाघ हत्तीच्या बरोबरीचा. प्रमाण बिघडलं असं मोठ्यांना वाटतं, पण इथे आकार मानाप्रमाणे ठरतो. आपल्या जुन्या शिल्पांत आणि पोथीचित्रांतही राजा सेवकांपेक्षा मोठाच असतो. बालेकिल्ल्यावरचे महाराज रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसले पाहिजेत, ही मुलांची पहिली अट असते आणि ती अगदी योग्य आहे.

युरोप-अमेरिकेतल्या छंदाने याच्या उलट वाट धरली. तिथे प्रमाण हेच सर्वस्व ठरलं. प्रशियाच्या लष्करात रायस्वित्स नावाच्या अधिकाऱ्याने 1824 साली नकाशावर ठोकळे हलवून लढाईचा सराव करण्याचा खेळ नियमबद्ध केला. इंग्लंडमध्ये ब्रिटन्स कंपनीने 1893 पासून आतून पोकळ, म्हणून स्वस्त, असे शिशाचे शिपाई काढले आणि ते मध्यमवर्गीय घरांत पोचले. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने 1913 साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा शिपायांनी जमिनीवर लढायची लढाई नियमांसह मांडली. पुढे अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. या खेळात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एक जण गोष्ट पुढे नेतो, फासे नशीब ठरवतात आणि टेबलावर त्या पात्राची रंगवलेली मूर्ती उभी असते. चौकटींच्या पटावरचा एक इंच म्हणजे पाच फूट, असा हिशेब. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात तर अशा मूर्ती घडवण्याचा मोठा उद्योगच उभा राहिला. विकत घेतलेली मूर्ती कोरी असते, ती घरी बसून स्वतः रंगवायची, हा त्या छंदाचा अर्धा आनंद.

या खेळाच्या इतिहासातली एक गोष्ट किल्ला करणाऱ्या कुठल्याही मराठी मुलाला लगेच पटेल. सुरुवातीच्या काळात गायगॅक्सकडे पटावर ठेवायला पुरेशी राक्षसी जनावरं नव्हती. त्याने दुकानातून प्लॅस्टिकच्या प्राण्यांची एक स्वस्त पिशवी आणली. त्यातले काही प्राणी इतके विचित्र होते की ते कोण हे सांगता येईना. त्याने त्यांना नावं दिली, स्वभाव दिले आणि घुबड-अस्वल, लोखंड गंजवणारा प्राणी अशी त्या खेळातली नामांकित जनावरं जन्माला आली. आपल्या किल्ल्यावरही हेच होत आलं आहे. बंदूकधारी हिरवा प्लॅस्टिकचा शिपाई शत्रूच्या छावणीत जातो, मोडक्या संचातला उंट खजिन्याच्या तांड्यात चालू लागतो, बुद्धिबळातला हत्ती दारूच्या कोठारावर पहारा देतो. हाती आहे त्याला भूमिका द्यायची, ही कल्पनाशक्तीची मूळ रीत आहे.

आपल्या खेळात फासे नाहीत आणि नियमांचं पुस्तकही नाही. पण पुस्तकाच्या जागी इतिहास आहे. प्रतापगड करायचा ठरला की पायथ्याशी शामियाना येतो, जावळीचं रान येतं, रानात दडवलेले मावळे येतात, कारण 10 नोव्हेंबर 1659 ची भेट त्यांच्याशिवाय पुरी होत नाही. पन्हाळा केला की तो एकटा राहू शकत नाही. जुलै 1660 ची ती पावसाळी वाट घोडखिंडीतून विशाळगडापर्यंत न्यावी लागते आणि खिंडीत बाजीप्रभू उभे करावे लागतात. सिंहगडाला कडा सरळ हवा, कारण 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे दरवाजातून आत गेले नव्हते. रायगड केला तर 6 जून 1674 चा दरबार भरतो आणि भालदार-चोपदारांना अखेर त्यांचं काम मिळतं. पाठ्यपुस्तकात सनावळी असते. किल्ल्यावर त्या सनावळीला चढ, उतार, पाणी आणि अंतर मिळतं. इतिहास भूगोलावर घडतो, हे मुलाला बोटांनी कळतं.

आणि किल्ला म्हणजे नुसती लढाई नव्हे, हेही चित्रंच शिकवतात. फळीवर मावळ्यांच्या मागे भाजीवाली असते, वाणी असतो, बैलजोडीसह शेतकरी, वासुदेव, पैलवान, गवळण असते. गडाखाली गाव वसतं, गावाला विहीर लागते, बाजार लागतो. शिवकाळात गडाचा कारभार हवालदार, सबनीस आणि कारखानीस या तिघांत वाटलेला असे: एकाकडे पहारा आणि किल्ल्या, दुसऱ्याकडे हिशेब आणि हजेरी, तिसऱ्याकडे धान्य आणि दारूगोळा. हे तिघं बाजारात चित्ररूपाने मिळत नाहीत. पण कुठल्याही तीन मुलांना या तीन भूमिका वाटून दिल्या तर किल्ल्याचा खेळ लगेच वेगळ्या उंचीवर जातो. कोठारात धान्य किती, पाणी किती दिवसांचं, फितुरी झाली तर काय, असे प्रश्न मुलं स्वतःच काढतात. भूमिका घेऊन खेळण्याचा जो प्रकार बाहेर एवढा लोकप्रिय झाला, त्याचं बीज आपल्या अंगणात पडलेलंच आहे.

जमवण्याचीही आपली एक परंपरा आहे. एका वर्षी कुणी सगळं सैन्य विकत घेत नाही. दर दिवाळीला चार मावळे, एखादी तोफ, कधी हत्ती. दिवाळी सरली की चित्रं कापडात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवायची, पुढच्या वर्षी उघडून कोण शाबूत आहे ते पाहायचं. तलवारी सगळ्यांत आधी मोडतात, मग हात, मग घोड्याचे पाय. मोडलेल्या भाल्याच्या जागी तार बसते, उडालेल्या रंगावर घरातला ब्रश फिरतो. बऱ्याच घरांत आज तीन पिढ्यांची चित्रं एका खोक्यात आहेत: आजोबांच्या काळातला मातकट रंगाचा मावळा, बाबांच्या वेळचा ऑइल पेंटचा चकचकीत घोडेस्वार आणि नातवाने आणलेला प्लास्टरचा तोफवाला. या खोक्याला बाजारात किंमत नाही, पण कुठल्याही संग्रहालयाने आदराने ठेवावं असं ते घराचं दप्तर आहे.

गेल्या काही वर्षांत या खेळाचं रूप पालटत आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसची चित्रं हलकी आणि झटपट होतात, म्हणून मातीची मागे पडली. अंगण गेल्याने तयार किल्ले बाजारात आले आहेत. टेबलावर ठेवायचा आणि दिवाळीनंतर उचलून ठेवायचा. ज्या घरात मातीला जागाच नाही, तिथे तयार किल्लाही मी मनापासून स्वीकारतो, फक्त त्यावरची मांडणी मुलांची असावी. दुसरीकडे बेळगाव, कोल्हापूर, पुणे या गावांत मंडळांचे किल्ले पूर्वीपेक्षा अभ्यासपूर्ण होत आहेत. मुलं आधी गडावर जाऊन येतात, नकाशे काढतात, माच्या आणि बुरूज मोजून बसवतात. 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्यात बारा किल्ले आहेत, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. साल्हेर, खांदेरी, सुवर्णदुर्ग ही नावं त्यामुळे घराघरांत पोचली. अंगणातल्या किल्ल्यांतही आता शिवनेरी-रायगडाच्या जोडीला एखादा जलदुर्ग किंवा जिंजी दिसली पाहिजे.

वारशाच्या यादीत दगडी तट आले, पण त्या तटांवर दरवर्षी माणसं उभी करणारा कारागीर कुठल्याच यादीत नाही. गणपतीचा हंगाम आणि दिवाळी यांच्या मधल्या थोड्या दिवसांत तो हे सैन्य घडवतो आणि त्याला एका मावळ्यामागे मिळणारी रक्कम फार लहान असते. त्याचे साचे टिकायचे असतील तर त्याची माती विकली गेली पाहिजे. म्हणून या दिवाळीला चित्रं कुंभाराकडून घ्यावीत, मातीची मागून घ्यावीत, आणि त्याला विचारून चार-पाच कोरीही आणावीत. मुलांना ती स्वतः रंगवू द्यावीत. पागोटं कुठल्या रंगाचं, मिशी किती झुपकेदार, याचा निर्णय त्यांचा. स्वतः रंगवलेल्या मावळ्याला मूल नाव देतं. नाव दिलं की त्याला गाव मिळतं, गोष्ट मिळते, आणि त्याला उगाच कुठेही उभं करता येत नाही. मग ते मूल विचारतं की त्या काळी पहारा किती तासांचा असे, रात्री गडाचे दरवाजे कोण लावी. या प्रश्नांची उत्तरं शोधत घरातल्या मोठ्यांनी त्याच्यासोबत पुस्तकं उघडावीत आणि सुट्टीत खरा गड चढावा. बोटभर मातीच्या माणसाकडून एवढं काम होतं, म्हणून तो आपल्या घरात आणि आपल्या बाजारात टिकला पाहिजे.