साडेचार लाखांतली ‘प्रीमियम’

घरी गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळी गाडी होती. माझ्या डोळ्यांसमोर लाल पोलो. बाबांच्या डोळ्यांसमोर ‘उद्या विकायची वेळ आली तर लगेच विकली जाईल ती’. आईच्या डोळ्यांसमोर मात्र गाडी नव्हतीच, सावंगीचं हॉस्पिटल होतं. दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि दर महिन्या-दीड महिन्याला यवतमाळहून वर्ध्याजवळच्या सावंगीपर्यंत सत्तरेक किलोमीटर एसटी, मग ऑटो, मग रांग. मी पुण्यात, तीही फ्रीलान्सर. म्हणजे कमाई कधी ओली, कधी कोरडी. ईएमआय मात्र बारमाही! माझी सेव्हिंग्ज, बाबांची मोडलेली एक एफडी आणि झेपेल इतकंच कर्ज, असं सगळं मिळून बजेट झालं साडेचार लाख. त्यात नाव ट्रान्सफर आणि इन्शुरन्सही आला.

‘एवढ्यात नवी ऑल्टो येते की,’ मामा म्हणाला. येते. त्याचं चूक नव्हतं. पण मागच्या सीटवर आईचे पाय अवघडणार, आणि मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत, ट्रकच्या रांगेमागे, छोट्या इंजिनावर एसी चालवत वर्धा गाठायचं... नको वाटलं. पाच-सात वर्षं जुनी, पण अंगापिंडाने भरलेली हॅचबॅक घ्यायची, असं मी ठरवलं. आणि त्या दिवसापासून माझे सगळे वीकएण्ड संपले!

नाव मोठं, वर्कशॉप लांब

‘प्रीमियम हॅचबॅक’ हा शब्द तसा कंपन्यांनी आपल्या गळ्यात मारलेला. लांबी चार मीटरच्या आत, पण आत शिरलं की सेडानचा फील, असा त्याचा फंडा. २००८च्या शेवटी ह्युंदाईची आय-ट्वेंटी आली, २००९मध्ये होंडाची जॅझ, २०१०मध्ये फोक्सवॅगनची पोलो. २०१४मध्ये एलिट आय-ट्वेंटीने आणि २०१५मध्ये मारुतीच्या बलेनोने हा सेगमेण्ट घराघरांत नेला. २०१९मध्ये बलेनोचीच जुळी बहीण टोयोटा ग्लान्झा आणि २०२०च्या जानेवारीत टाटा अल्ट्रोज. सेकंडहॅण्ड बाजारात आपल्या बजेटमध्ये फिरतात त्या याच.

पोलोबद्दल आधी बोलते, कारण जखम ताजी आहे. दार बंद केल्यावर जो ‘धप्प’ आवाज येतो ना, त्यासाठी माणूस कर्ज काढेल. २०१४मध्ये दोन एअरबॅगवाल्या पोलोला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये चार स्टार मिळाले होते. पण मागची सीट तंग. शिवाय भारतात पोलोचं उत्पादन २०२२मध्ये थांबलं. कंपनी इथेच आहे, पार्ट मिळतात, पण मारुतीसारखे कोपऱ्यावरच्या दुकानात नाहीत. आणि त्यातली डीएसजी ऑटोमॅटिक घ्यायचा मोह झाला, तर त्या गिअरबॉक्सचं बिल एकदा विचारून या. मी विचारलं. पाणी प्यायले आणि परत आले.

पुण्या-मुंबईत बसून गाडी निवडणाऱ्यांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट इथे आहे. आपण इंजिन बघतो, टचस्क्रीन बघतो, अलॉय व्हील बघतो. पण यवतमाळमध्ये, पुसदमध्ये, उमरखेडमध्ये गाडी घ्यायची, तर पहिला प्रश्न हा, की रविवारी क्लच गेला तर सोमवारी ती कोण उघडणार? माझ्या ओळखीतल्या पोलोवाल्यांनी आणि जॅझवाल्यांनी एकच उत्तर दिलं, नागपूर. म्हणजे एका बाजूने दीडशेक किलोमीटर. टोइंग, दोन चकरा आणि बुडालेला दिवस धरला, तर ‘स्वस्तात मिळालेली’ गाडी पहिल्याच दुखण्यात महाग होते. म्हणून माझा नियम साधा झाला. मॉडेल आवडलं की आधी जवळच्या वर्कशॉपला फोन, मग गल्लीतल्या मिस्त्रीला. दोघंही ‘आणा’ म्हणाले तरच पुढे.

या चाळणीतून जॅझ गळली, आणि खरं सांगते, वाईट वाटलं. ३५४ लिटरची डिकी, मागची सीट घडी घालून उभी करता येते, वयस्कर माणसाला वाकून बसावं लागत नाही. २०२३मध्ये बंद झाली नसती आणि जवळ कुणी दुरुस्त करणारं असतं, तर आईसाठी तीच. नागपुरात राहणाऱ्यांनी तिच्याकडे जरूर बघावं, लोक उगाच विसरलेत.

अल्ट्रोजचं दार नव्वद अंशांत उघडतं. गुडघेदुखीवाल्या माणसाला याचं मोल विचारा! क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार. पण तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन थोडं थरथरतं, आणि आमच्या बजेटमध्ये सुरुवातीचीच, खालच्या व्हेरिएण्टची येत होती. एलिट आय-ट्वेंटी आतून सगळ्यात श्रीमंत, मागे एसीचे व्हेंट, आणि ह्युंदाईची सर्व्हिस जिल्ह्यात मिळते. बलेनो हलकी, पेट्रोल कमी पिणारी, ३३९ लिटर डिकी, आणि मिस्त्री डोळे मिटून उघडेल अशी. सुरुवातीपासून सगळ्या व्हेरिएण्टना दोन एअरबॅग आणि एबीएस. मात्र २०२१मध्ये लॅटिन एनकॅपने भारतातच बनलेल्या बलेनोला शून्य स्टार दिले होते, हेही वाचून ठेवा. मी वाचलं, बाबांना वाचून दाखवलं, आणि दोन दिवस आमच्यात बोलणं बंद होतं.

डिझेल? महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर रनिंग असेल, वणीच्या खाणीवर रोज ये-जा असेल, तर विचार करा. नाहीतर जुन्या डिझेलची दुरुस्ती इंधनातली बचत गिळते. आणि पेट्रोलवाल्यांनो, २०२५पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. एप्रिल २०२३च्या आधीच्या बहुतेक गाड्या ते गृहीत धरून बनलेल्या नाहीत. ब्रोशरमधलं माइलेज विसरा आणि इंधनाचे रबरी पाइप तपासून घ्या.

गाडी पोहून आली

आता माझ्या मूर्खपणाकडे येऊ.

नागपुरात एक बलेनो सापडली. २०१८ची, पांढरीशुभ्र, चाळीस हजार किलोमीटर, आणि बाजारभावापेक्षा साठ हजारांनी स्वस्त. डीलर गोड बोलणारा. ‘मॅडम, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय.’ झालं! मी पाच हजार टोकन दिलं. बाबांना फोटो पाठवला. त्यांनी उलट एकच मेसेज केला, ‘भाऊला घेऊन जा.’

भाऊ म्हणजे आमचा मिस्त्री. मी शाळेत असताना बाबांची स्कूटर दुरुस्त करायचा, आता गाड्या करतो. एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं तिकीट देऊन त्याला नागपूरला नेलं. मला वाटलं, आधी बॉनेट उघडेल. त्याने बॉनेटकडे पाहिलंही नाही. मागच्या सीटवर बसला आणि सीटबेल्ट ओढत गेला, ओढत गेला, पार शेवटापर्यंत. वरचा पट्टा नव्यासारखा काळा. आत गुंडाळलेला शेवटचा हातभर मात्र मातकट, आणि त्यावर एक सरळ रेषा. मग डिकीतलं स्टेपनी बाहेर काढलं, खालच्या खोबणीत बोट फिरवलं. बारीक, वाळलेला गाळ. सीटखालच्या रुळांना गंज, आणि गाडीत चाफ्याचा परफ्यूम इतका, की डोकं दुखावं.

‘गाडी पोहून आली हाये, ताई,’ भाऊ म्हणाला.

२३ सप्टेंबर २०२३ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, डागा लेआऊटसारख्या भागांत पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. त्याच वर्षी जुलैत आमच्या यवतमाळ शहरातही पाणी घुसलं होतं. अशा गाड्यांतल्या काही इन्शुरन्स कंपन्या ‘टोटल लॉस’ म्हणून काढून टाकतात, आणि त्यातल्याच काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. इंजिन चालतं हो! बिघडतात त्या वायरी, सेन्सर, एअरबॅगचं कंट्रोल युनिट. तेही आज नाही, वर्ष-दोन वर्षांनी, आतून हिरवा गंज चढला की. ही बलेनो त्याच पुरातली होती की आणखी कुठल्या, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. डीलरने टोकन परत दिलं नाही. मी मागितलं, भांडले, रडकुंडीला आले, आणि परतीच्या एसटीत बसले. पाच हजार गेले. साडेचार लाख वाचले. बाबा एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

कागद बोलतात

भाऊने डोळे उघडले, तसे पुढचे दोन महिने मी कागद वाचायला शिकले. आणि त्यातला सगळ्यात बोलका कागद म्हणजे जुनी इन्शुरन्स पॉलिसी. त्यात ‘नो क्लेम बोनस’ लिहिलेला असतो. एक वर्ष क्लेम नाही तर २० टक्के, आणि असं करत पाच वर्षांनी ५० टक्के. मालक म्हणतो, ‘गाडीला साधा ओरखडा नाही’, आणि सात वर्षं जुन्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य? मग भाऊसाहेब, क्लेम कशाचा घेतला होता? एकाने मला सरळ सांगितलं, म्हशीला धडकली, बंपर बदलला. बिल दाखवलं. अशा माणसाकडून गाडी घ्यायला हरकत नाही. दुसऱ्याने फोन कट केला. (हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. तुमच्या नावावर तो येत नाही, म्हणून नवा प्रीमियम आधीच विचारून ठेवा.)

मीटरवरच्या आकड्यावर विश्वास नको, सर्व्हिस रेकॉर्डवर ठेवा. मालकाला बरोबर घेऊन अधिकृत वर्कशॉपला गेलं, की गाडी नंबरवरून हिस्टरी निघते. पन्नास हजार किलोमीटरच्या गाडीचं स्टिअरिंग गुळगुळीत आणि क्लच पेडलचं रबर झिजून सपाट, हे जमत नाही. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, ते बघा. आणि गाडी नेहमी थंड इंजिनावर सुरू करायला लावा. तुम्ही पोचायच्या आधीच कुणी ती ‘जरा गरम करून’ ठेवली असेल, तर चहा प्या, थांबा.

पांढरकवड्याच्या बाजूला आणखी एक आमिष आहे. पैनगंगेपलीकडे तेलंगणा, आणि तिकडच्या गाड्या ‘स्वस्त’. दिल्लीच्याही येतात. पण परराज्यातली गाडी म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरणं. तो जोडला की स्वस्ताई बरीचशी उडून जाते. राज्यातल्या राज्यात फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ची एनओसी, कर्जाची गाडी असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. बँकेचा बोजा आरसी बुकावरून उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ‘नाव नंतर करू’ हे तर विकणाऱ्यानेच ऐकून घेऊ नये. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८मध्ये स्पष्ट केलंय, की गाडी कितीही हातांतून फिरली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी रेकॉर्डवर ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते.

घासाघीस करायला एक मुद्दा मात्र सरकारनेच हातात दिला. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. नवी बलेनो सहा लाखांच्या आत सुरू होऊ लागली, तर जुनीचा भाव कालचाच कसा? हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारला. निम्म्यांनी दहा-पंधरा हजार तिथल्या तिथे सोडले.

शेवटी दिवाळीनंतर गाडी मिळाली ती दारव्ह्याला. एमएच-२९, २०१८ची पेट्रोल बलेनो, एकाच मालकाची, निवृत्त मास्तरांची. सर्व्हिसची सगळी बिलं पंक्चरच्या पावत्यांसकट एका प्लास्टिकच्या पिशवीत. बोनस ५० टक्के. भाऊने बेल्ट शेवटापर्यंत ओढला, स्टेपनी काढलं, मग कुठे बॉनेट उघडलं. डाव्या दाराला रंगाचा हलका फरक होता. मास्तरांनी न विचारताच सांगितलं, गोठ्याच्या फाटकाला घासली होती. चार लाख दहा हजारांत ठरलं. उरलेल्यात चार टायर, बॅटरी, इन्शुरन्स आणि नाव ट्रान्सफर बसलं, कसंबसं. शून्य स्टारचं काय? त्यावर आमचं घरगुती कलम ठरलंय. बाबा ऐंशीच्या वर जाणार नाहीत आणि रात्री हायवेवर गाडी काढणार नाहीत. पहिलं पाळतात. दुसऱ्याबद्दल आई मला फोन करून चुगली करते.

रंग लाल नाही, कॉफीसारखा काहीतरी आहे. मागच्या महिन्यात सावंगीला जाताना मी मागे आईशेजारी बसले होते. तिने बसल्या बसल्या सीटबेल्ट ओढायला सुरुवात केली, ओढत गेली, पार शेवटापर्यंत, आणि चष्मा वर करून बारकाईने पाहिला.

‘स्वच्छ आहे,’ म्हणाली, आणि मग लावला.