विमानाचा पहिला वर्ग, तान्हे बाळ आणि सीलबंद जेवण

व्यापारी बंधूंनो, आपल्या शिरूर-दौंडसारख्या गावांतूनही आता परदेशी जाणाऱ्यांची संख्या बरीच वाढली आहे. कुणाचा मुलगा आखातात, कुणाची लेक अमेरिकेत, कुणी मालाच्या निमित्ताने चीनला किंवा तुर्कस्तानला. उमरा आणि हजसाठी जाणारे वेगळेच. पूर्वी विमान म्हटले की जेद्दा किंवा दुबई, तीन-पाच तासांचा प्रवास. आता सोळा-अठरा तासांचे प्रवास होतात, आणि बरोबर तान्ही मुलेही असतात. अशा प्रवासात पैशाने काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा एक अनुभव आज मांडत आहे. त्यात धंद्याला उपयोगी पडेल असेही थोडे आहे.

माझी लेक दौंडला दिलेली. जावई अमेरिकेत न्यू जर्सीला नोकरीला आहेत. बाळंतपणासाठी लेक इकडे आली होती. बाळ आठ महिन्यांचे झाल्यावर तिला तिकडे पोहोचवायचे ठरले. जावयांना रजा मिळेना. माझा व्हिसा तयार होता, म्हणून मी बरोबर निघालो. जावई कंपनीच्या कामासाठी सतत विमानाने फिरतात, त्यामुळे त्यांच्या खात्यावर भरपूर 'मैल' जमले होते. विमान कंपन्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला प्रवासाच्या हिशेबाने हे मैल देतात आणि पुढे त्यावर तिकीट निघते. त्या मैलांवर त्यांनी आम्हा दोघांची पहिल्या वर्गाची तिकिटे काढली. मुंबईहून युरोप, तेथे विमान बदलून न्यूयॉर्क.

आता बाळाचा हिशेब ऐका. दोन वर्षांच्या आतले मूल मांडीवर घेऊन आंतरराष्ट्रीय प्रवास केला, तर बहुतेक कंपन्या मोठ्या माणसाच्या भाड्याच्या सुमारे १० टक्के घेतात. हे १० टक्के त्याच वर्गाच्या भाड्यावर धरतात. समजा पहिल्या वर्गाचे भाडे चार लाख रुपये असेल, तर बाळाचे चाळीस हजार झाले. स्वतंत्र सीट नाही, काही नाही, मांडीवर बसायचे चाळीस हजार! शिवाय मोठ्यांचे तिकीट मैलांवर काढले तरी कित्येक कंपन्या बाळाचे १० टक्के रोख मागतात. काही कंपन्या थोडी ठरावीक रक्कम किंवा थोडे मैल घेऊन भागवतात. म्हणून तिकीट काढण्याआधीच बाळाचे काय पडेल ते विचारून घ्यावे. आम्ही विचारले नव्हते. तो आकडा पाहून जावईसुद्धा गप्प झाले.

दुसरी गोष्ट पाळण्याची. विमानात बाळासाठी भिंतीला अडकवायचा पाळणा मिळतो. पण तो फक्त पुढे भिंत असलेल्या सीटसमोरच बसतो, त्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते, आणि बाळाचे वजन साधारण दहा-अकरा किलोच्या आत असावे लागते. मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी. साध्या वर्गात असे पाळणे ठरलेले असतात. पहिल्या वर्गात प्रत्येक सीट म्हणजे एक छोटी खोलीच असते, आणि कित्येक विमानांत तेथे पाळणा अडकवायला जागाच नसते. आमच्या विमानात नव्हती. महागडी सीट, पण बाळ रात्रभर आईच्या कुशीतच. सीट सपाट होऊन पलंग बनतो, एवढाच काय तो आराम.

शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. पहिल्या वर्गाचा माणूस झोपेसाठी पैसे मोजतो. २०११ साली मलेशिया एअरलाइन्सने आपल्या बोइंग ७४७ विमानांच्या पहिल्या वर्गात तान्ह्या मुलांना घेत नसल्याचे सांगितले, तेव्हा जगभर वाद झाला होता. रडण्यामुळे झोप होत नाही, अशा प्रवाशांच्या तक्रारी असल्याचे कंपनीचे म्हणणे होते. विमान चढताना आणि उतरताना बाळाचे कान दुखतात, तेव्हाच ते जास्त रडते. त्या वेळी त्याला पाजावे. गिळण्याने कान मोकळे होतात. आमचे बाळ त्या बाबतीत शहाणे निघाले.

खरी गोष्ट पुढे आहे. लेक बाळाला अंगावर पाजणारी, आणि हलालशिवाय मांस न खाणारी. तिकिटाबरोबर जावयांनी 'मुस्लिम मील' नोंदवले होते. विमान कंपन्यांत याला 'एम.ओ.एम.एल.' अशी खूण आहे. यहुदी लोकांच्या कोशर जेवणाला 'के.एस.एम.एल.', जैन जेवणाला 'व्ही.जे.एम.एल.', बाळाच्या जेवणाला 'बी.बी.एम.एल.'. ही खूण तिकिटाला लागलेली असेल तरच जेवण विमानात चढते. साधारण एक-दोन दिवस आधी नोंदवावे लागते. आयत्या वेळी मागून मिळत नाही, मग तुम्ही कुठल्याही वर्गात बसा.

मध्ये एक बदल झाला. बाळाच्या तापामुळे आम्ही तारीख चार दिवस पुढे ढकलली. नवे तिकीट आले, सीट आली, आणि जेवणाची खूण जुन्या तिकिटावरच राहिली. कुणाच्या लक्षात आले नाही. दोष कंपनीचा म्हणावा तर नवे तिकीट मी स्वतः दुकानात बसून पाहिले होते. तारीख आणि वेळ पाहिली, जेवण पाहिले नाही.

निघताना दौंडला विहीणबाईंनी डबा भरून दिला होता. चपात्या, अंडी, खजूर, शेंगदाण्याचे लाडू. दौंड म्हणजे जंक्शन, तेथला माणूस डब्याशिवाय गाडीत पाय ठेवत नाही. मीच म्हणालो, "पहिल्या वर्गात बसून डबा काय उघडायचा? लोक हसतील." डबा घरीच राहिला. ही माझी चूक, आणि ती मी कबूल करतो.

विमान मध्यरात्रीनंतर उडाले. हवाई सुंदरी मोठा जेवणाचा कागद घेऊन आली. बदक होते, गोमांस होते, झिंगा होता. शाकाहारी पदार्थ एकच, त्याच्या रश्श्यात वाइन होती. ती मुलगी प्रामाणिक, तिने आत जाऊन विचारून आम्हाला खरे ते सांगितले. आमच्या नावावर खास जेवण चढलेच नव्हते. लेकीने पाव, फळे आणि काकडी-टोमॅटो खाल्ले. मला त्याचे काही नाही, मी रोजे धरणारा माणूस. पण पाजणारी बाई पावावर किती तास काढणार? पुढे पाच-सहा तासांनी बाळ पिताना चिडू लागले. लेक म्हणाली, "अब्बा, दूध कमी येतंय." विमानातली हवा कोरडी असते, पाजणाऱ्या बाईने तासातासाला पाणी प्यावे लागते, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हते. डबाबंद दुधाची पावडर आम्ही घेतलेली नव्हती. लाख मोलाच्या सीटवर बसून लेक रडू लागली.

पलीकडच्या सीटवर एक वयस्कर बाई होत्या. आमचे बोलणे ऐकून त्या मराठीत म्हणाल्या, "काय झालं, भाऊ?" अलिबागकडच्या बेने इस्राएल समाजाच्या त्या. मुलगा अमेरिकेत, त्यांचेही तिकीट मैलांवरच काढलेले. कोकणात हा समाज पिढ्यान्‌पिढ्या तेलाच्या घाण्याचा धंदा करी, आणि शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आठवड्यातला एक दिवस धंदा सोडणारा व्यापारी आपला नेम पाळतो, हे गिऱ्हाइकाला न सांगता कळते.

त्यांचे जेवण मी पहिल्यांदाच जवळून पाहिले. खोक्यात ताट, ताटावर दुहेरी वेष्टन, त्यावर सील, आणि आत कोणाच्या देखरेखीखाली तयार झाले त्याचा दाखला. हवाई सुंदरी ते बंदच आणून दाखवते. सील प्रवाशाने पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही. गरम करतानाही वेष्टन तसेच, म्हणजे भट्टीत दुसऱ्या अन्नाचा संपर्क नाही. ताट आणि काटेचमचेसुद्धा त्या खोक्यातलेच, प्लॅस्टिकचे. सगळ्यांसमोर चिनी मातीच्या बशा, आणि या बाईंसमोर प्लॅस्टिकचा चमचा. त्यांना त्याची लाज नव्हती. माझ्या डब्याची मला लाज वाटली होती, हे तेव्हा आठवले.

लांबच्या प्रवासात दोन जेवणे असतात. त्यांनी आपले दुसरे, न उघडलेले खोके लेकीपुढे केले. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही काय खाणार?" त्या म्हणाल्या, "माझ्या पिशवीत पोहे आहेत. मी डब्याशिवाय निघत नाही." आत मासा, भात आणि भाजी होती. दाखल्याबरोबर पदार्थांची यादी छापलेली होती, ती वाचून लेकीने खाल्ले, वर दोन-तीन ग्लास पाणी प्याली. उतरण्याआधी बाळ पोटभर पिऊन झोपले. अल्हम्दुलिल्लाह.

येथे एक खुलासा करतो, कारण बरेच लोक समजतात की कोशर आणि हलाल एकच. डुक्कर दोन्हीकडे निषिद्ध, कापण्याची पद्धत बरीच जवळची, आणि अहले-किताबच्या अन्नाबद्दल सूरह माइदामध्ये परवानगी आली आहे. तिचा अर्थ कुठवर घ्यायचा यावर उलेमांत मतभेद आहेत, ते आपापल्या आलिमांना विचारावे. पण एक फरक व्यवहाराचा आहे. कोशरमध्ये दारू निषिद्ध नाही. कोशर पदार्थात वाइन असू शकते. म्हणून सील पाहून थांबू नये, यादी वाचावी. मासा किंवा भाजी असेल तर प्रश्न कमी.

आता धंद्याचे बोलू. आपण कापडवाले थानाच्या काठावरचा गिरणीचा छाप पाहतो. २००४ पासून रेशमाला 'सिल्क मार्क' आहे. छाप म्हणजे वचन, आणि वचन तपासता आले तर माल विकतो. कोशरचे खोके हेच सांगते. २०२० साली अमिराती आणि इस्राएल यांचा करार झाला, आणि त्याच वर्षी दुबईच्या एमिरेट्स कंपनीच्या भटारखान्याने कोशर जेवण तयार करण्याचा वेगळा उद्योग जाहीर केला. मुस्लिम देशातली कंपनी यहुदी गिऱ्हाइकाचा नेम सांभाळून धंदा करते, यात आपल्यालाही धडा आहे. आपल्याकडे २०२३ साली केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने मान्यताप्राप्त दाखल्याशिवाय मांस 'हलाल' म्हणून निर्यात करता येणार नाही, असे धोरण काढले. एअर इंडियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हलाल दाखला फक्त 'मुस्लिम मील' म्हणून नोंदवलेल्या जेवणाला राहील, आणि सौदीच्या मार्गांवर सर्व जेवण हलाल राहील, असे कळवले. म्हणजे तोंडी भरवशाचे दिवस गेले. मसाले, मिठाई, बेकरी, मांस या धंद्यांत असलेल्या आपल्या बांधवांनी दाखला, वेष्टन आणि पदार्थांची छापील यादी यांकडे खर्च म्हणून न पाहता भांडवल म्हणून पाहावे.

प्रवाशांसाठी थोडक्यात सांगतो. एमिरेट्स, कतार, इतिहाद, सौदिया या कंपन्यांत जेवण हलालच असते. इतरत्र 'मुस्लिम मील' नोंदवा. तारीख किंवा विमान बदलले की पुन्हा नोंदवा, आणि निघण्याआधी दोन दिवस फोन करून प्रत्येक विमानाचे वेगळे विचारा. बाळाचे भाडे आणि पाळणा तिकिटाआधी ठरवा. शंभर मिलिलिटरचा नियम बाळाच्या दुधाला आणि खाण्याला प्रवासापुरता लागू नाही, ते तपासणीला वेगळे काढून दाखवा. आई अंगावर पाजत असली तरी पावडरचा एक डबा जवळ असू द्या. आणि घरचा कोरडा डबा घ्या. फक्त मांसाचे पदार्थ अमेरिकेत किंवा युरोपात उतरण्याआधी संपवा, तेथे आत नेऊ देत नाहीत.

परतीच्या वेळी मी एकटाच होतो, साध्या वर्गात. जेवणाची खूण दोनदा तपासली होती. तरी निघताना लेकीने हातात डबा दिला. या वेळी मी काही बोललो नाही, पिशवीत ठेवला.