चार दिवसांच्या आधीचा आठवडा

आपल्या घरांत मासिक पाळीचे चार दिवस काटेकोर पाळले जातात. त्यांच्या आधीच्या आठवड्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. नेमक्या त्याच आठवड्यात काही स्त्रियांना अनावर चीड, धास्ती, निराशा ग्रासते आणि पाळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत मन निवळते. दर महिन्यास हेच घडून संसार व काम अडत असेल, तर तो स्वभावदोष नव्हे, विकार होय. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्यास स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली.

या स्त्रियांच्या रक्तातील हार्मोन्सचे प्रमाण बहुधा इतरांसारखेच असते. फरक असतो तो त्यांच्या चढउतारांना मेंदू जो प्रतिसाद देतो त्यात. भीतीच्या क्षणी छाती धडधडते, ती नॉरॲड्रेनालिन या द्रव्यामुळे. पेशींवरील ग्राहींना, म्हणजे रिसेप्टरना, चिकटून ते काम करते. त्यांपैकी अल्फा-२ ग्राही त्याच्या स्रावास लगाम घालतात, तर बीटा ग्राही हृदयाची गती वाढवितात. मेंदूतील ग्राही मोजणे सोपे नाही. म्हणून १९९८ मध्ये संशोधकांनी अशा स्त्रियांच्या रक्तपेशींवरील ग्राही तपासले. त्रासाच्या तीव्रतेशी त्यांचे काही नाते दिसले. परंतु त्यावरून निदान करण्याइतके ते पक्के नाही. निदानासाठी आजही लागते ती साधी वही: सलग दोन पाळ्या, रोजच्या मनःस्थितीची नोंद.

अशी वही कोणाच्या हाती पडणार, हा खरा प्रश्न. अंबड तालुक्यातील अंकुशनगर हे साखर कारखान्याचे गाव. अशा कारखान्यांच्या उसाच्या फडांत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. तेथे पाळीच्या तक्रारींवर ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे अनेक होती. पण मनाच्या या त्रासावर तो उपायच नव्हे. अंडाशय शाबूत असले की हार्मोन्सचे चक्र चालूच राहते. रक्तस्राव तेवढा थांबतो.

सेरोटोनिनवर काम करणारी औषधे येथे अनेकदा काही दिवसांतच गुण देतात. कित्येकींना ती पाळीपूर्वीच्या पंधरवड्यापुरतीच पुरतात, अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. जीव नकोसा वाटू लागला, तर मात्र वहीची वाट पाहू नये. टेलिमानसचा १४४१६ हा शासकीय दूरध्वनी रात्रंदिवस विनामूल्य आहे.