पहिला लेथ घेतांना

विश्वकर्म्याची कन्या संज्ञा हिला सूर्याचें तेज सोसवेना, तेव्हां विश्वकर्म्यानें सूर्यास भ्रमावर चढवून तें तेज कातून कमी केलें, अशी पुराणांत कथा आहे. भ्रम म्हणजे कातारी लोकांचें यंत्र; हल्लींच्या भाषेंत लेथ. आपल्या घरांतील लाटणें, रवी, पाळण्याचे खांब हीं सर्व त्याचींच अपत्यें. तरीही मुलानें लेथ मागितला कीं, "हा का आपला धंदा?" असा प्रश्न माजघरांतून येतोच. देवांच्या शिल्प्यास जें शोभलें तें आपल्या मुलास न शोभण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. खरा प्रश्न निवडीचा आहे. कारण ती चुकल्यास पैसा जातोच, प्रसंगीं डोळाही जातो.

दुकानदार प्रथम यंत्राचा मोठेपणा सांगतो. नवशिक्यानें मात्र आधीं दोनच गोष्टी विचाराव्या: वजन किती, आणि कमींत कमी वेग किती? वेगाचें महत्त्व साध्या गणितानें कळेल. दहा इंच व्यासाच्या ठोकळ्याचा परीघ सुमारें ३१ इंच. मिनिटास १००० फेरे धरले तर त्याची कड ताशीं सुमारें ४८ किलोमीटर वेगानें धांवते. अद्याप गोल न झालेला, एका अंगास जड असा ठोकळा या वेगांत सुटला तर तो समोरच्याचें तोंड फोडील. म्हणून २५०-३०० फेऱ्यांपर्यंत उतरणारा लेथच घ्यावा.

वजनाचें कारण निराळें. पत्र्याच्या पायाचें यंत्र थरथरतें, पटाशी उडते, लांकूड ओरखडतें. मुलगा दोष आपल्या हाताला देतो आणि चार दिवसांत नाद सोडतो. पाया ओतीव लोखंडाचाच हवा. लांबीचा मोह नको. लाटण्यास दोन टोकांमधील १६ इंच पुष्कळ झाले. बारा इंच व्यास मावणारा, पाऊण ते एक अश्वशक्तीचा लेथ घरच्या विजेवर चालतो.

पैसे देण्यापूर्वीं वीज बंद ठेवून मागचा सरकता आधार पुढें आणावा. दोन्ही टोकें नेमकीं समोरासमोर आलीं पाहिजेत. आंस हातानें हलवून पाहावा. तो खिळखिळा लागल्यास खुशाल परत फिरावें. त्याचें निमुळतें छिद्र मोर्स क्रमांक २ चें असल्यास जोडसामान मिळण्यास अडचण पडत नाहीं.

सर्व रक्कम यंत्रांतच घालूं नये. पटाश्या, त्यांना धार लावण्याचा ग्राइंडर, चेहऱ्यापुढील पारदर्शक ढाल, धुळीसाठीं मुखपट्टी यांकरितां यंत्राच्या निम्मी रक्कम तरी राखावी, असें आमचें मत आहे. उपरणें, मंगळसूत्र, बांगड्या, मोकळे केस, फार काय हातमोजेही लेथजवळ नकोत. जानवें सदऱ्याच्या आंत खोंवावें. त्यांत धर्मलोप नाहीं.

आरंभीं वाटीच्या मागें न लागतां मुठींत मावेल असें लांबट लांकूड लावावें. अंगणांतील आंब्याची ओली फांदी यास उत्तम. तिच्यांत पटाशी सहज चालते, आणि बिघडली तर चुलीला आहेच.