संकेतस्थळाच्या पत्त्यातील अखेरचे पद

शिष्यवृत्तीचे अर्ज, विद्यार्थ्यांच्या नोंदी, शिक्षकांचे प्रशिक्षण ही कामे आता संगणकावरून अथवा भ्रमणध्वनीवरून करावी लागतात. त्यासाठी हाती आलेला पत्ता खरोखरीच शासनाचा आहे, की कोणी शासनाचे सोंग घेतले आहे, हे ओळखण्याची खूण त्या पत्त्यातच असते. मात्र तो उजवीकडून वाचावयास हवा.

पाकिटावर आपण प्रथम नाव, मग गाव, तालुका व शेवटी जिल्हा लिहितो. टपाल कचेरीत मात्र आधी पाहिला जातो तो जिल्हा. येथेही तसेच आहे. ‘महाराष्ट्र.गव्ह.इन’ या पत्त्यात (‘गव्ह’ म्हणजे रोमन लिपीतील जी-ओ-व्ही) ‘इन’ हे भारताचे पद, त्याच्या पोटात ‘गव्ह’ हे शासनाचे, व त्याच्याही पोटात ‘महाराष्ट्र’. ‘गव्ह.इन’ हे जोडपद शासकीय यंत्रणेखेरीज कोणास मिळत नाही. आता ‘महाराष्ट्र.गव्ह.इन.अमुक.कॉम’ असा पत्ता आला, तर त्याचा धनी ‘अमुक.कॉम’ होय; डावीकडील सारी पदे त्याने आपल्या मर्जीने जोडलेली असतात. आपली दृष्टी डावीकडून वाचण्यास सरावलेली, म्हणूनच फसगत होते. आरंभीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढे जी पहिली तिरपी रेघ येईल, तेथे हे नाव संपते. तिच्यापुढे ‘शिक्षण’ लिहिलेले असो वा ‘शासन’, त्यास पुराव्याचे मोल नाही.

नुसते ‘इन’ पाहूनही निर्धास्त होऊ नये. २००५ पासून ते शुल्क भरून कोणासही घेता येते. ‘कॉम’ व्यापारासाठी आणि ‘ऑर्ग’ संस्थांसाठी योजिले गेले खरे, परंतु आज दोन्ही सर्वांस खुली आहेत. ‘ऑर्ग’ म्हणजे सेवाभावी संस्था, हा समज आपल्यात फार रुजला आहे, तो सोडावा. ‘एसी.इन’ व ‘एज्यु.इन’ ही शिक्षणसंस्थांकरिता आहेत. वेतन ज्या बँकेत जमा होते, तिचा पत्ताही पाहावा: रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी ‘बँक.इन’ हे पद ठरविले असून त्यावर जाण्यास ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती.

भूगोलाच्या तासाला सांगण्याजोगी एक मौज: ‘टीव्ही’ हे पद दूरचित्रवाणीचे नव्हे, तर पॅसिफिक महासागरातील तुवालू या चिमुकल्या देशाचे आहे, आणि ते वापरू देऊन तो देश उत्पन्न मिळवितो.

२०१४ पासून ‘भारत’ हे अखेरचे पद देवनागरीतही उपलब्ध आहे. त्यामुळे असा पत्ता फळ्यावर लिहून उजवीकडून वाचून घेण्यास चौथीच्या मुलांनाही रोमन अक्षरांची अडचण पडू नये.